चौथी सुरई

अकरा वाजता सगळ्यांनी काचकारखान्यातल्या बांधणीच्या खोलीत, जिथे तयार माल बांधायचा तिथे, जमायचं ठरलं होतं. मुंगी पाच मिनिटं आधीच आली, पण तिची साखर तिच्याही आधी तिथे येऊन बसली होती.

"तीनशे बारा," काका फोन टेबलावर ठेवत म्हणाले. "आणि बाण वरच्या दिशेला."

मुंगीच्या दंडावर नाण्याएवढं एक यंत्र चिकटवलेलं असायचं. दर पाच मिनिटांनी ते साखर मोजायचं आणि आकडा तिच्या फोनवर धाडायचं, तिथून तो आईच्या फोनवर जायचा. इथपर्यंत ठीक होतं. पण गुरुवारी आईने घाबरून आकडा घरच्या ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून तो घरच्या मांजरासारखा कुणाच्याही मांडीवर जाऊन बसू लागला होता. इंजेक्शनची सुई पाहिली की डोळे मिटून घेणारे काकासुद्धा आता बाणाची दिशा समजावून सांगत होते.

"सुप्रभात, काका," मुंगी म्हणाली आणि पाण्याची बाटली घेऊन टेबलाच्या टोकाला बसली. सकाळपासूनची ही तिसरी बाटली होती.

खोलीच्या काचेपलीकडे भट्टी धगधगत होती. वर्षातून एकदा ती विझवायची, आतल्या झिजलेल्या विटा बदलायच्या आणि पुन्हा पेटवायची, हा पणजोबांपासूनचा शिरस्ता. या वेळी मंगळवारी पेटवली होती आणि आज, रविवारी पहाटे, काचेचा रस तयार झाला होता. पहिला रस त्याच दिवशी काढायचा, आणि काढायचा तो उस्तादाने. उस्ताद बदलायचा असेल तर तोही याच दिवशी बदलायचा, एरवी नाही. नव्या उस्तादाने सगळ्यांदेखत एक सुरई फुंकायची, आणि फुंकायची लांब नळी एकदा उचलली की सुरई पुरी होईपर्यंत ती खाली टेकवायची नाही. टेकली, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. भिंतीवरच्या फळीवर अशा तीन सुरया होत्या: पणजोबांची, आजोबांची आणि मुंगीच्या बाबांची. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून सत्त्याहत्तर वर्षांचे आजोबा पुन्हा उस्तादाच्या बाकावर बसत होते. आता त्यांच्या हाताला कंप सुटला होता.

चौथी सुरई मुंगीने करायची, हे गेल्या वर्षीच ठरलं होतं. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

"कुणाच्या मनात काही वाकडं नाही," काका म्हणाले. बोलणं असं सुरू झालं की मनात बरंच काही असतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. काका बाबांचे धाकटे भाऊ. काच घासून चकचकीत करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण फुंकणं त्यांना जन्मात जमलं नाही आणि ते शल्य त्यांनी नीट जपून ठेवलं होतं. ते आजोबांकडे वळले. "अण्णा, तुम्हीच बघा. चार दिवस पोरीची साखर तीनशेच्या खाली नाही. परवा पोती भरता भरता पोत्यावरच झोपली. उद्या हजार अंशांचा गोळा नळीवर असताना झोपली म्हणजे? मी म्हणतो, या वर्षी दादाला बसवू."

दादा म्हणजे काकांचा मुलगा, मुंगीपेक्षा दोन वर्षांनी मोठा. तो काचेवर नक्षी कोरायचा आणि त्यात सुखी होता.

"मी सुरई करायला घेतली की बादली होते," दादा म्हणाला. "गेल्या वेळची अजून फरशी पुसायला वापरतोय आपण."

"तू गप्प बस," काका म्हणाले. "सरावाने होतं सगळं."

"बावीस वर्षं बघतोय, तुम्हाला साधी शिट्टी तरी वाजवता आली का, बाबा?"

आजोबांच्या मिशीखाली हसू हललं. बाक सोडायचा दिवस, म्हणून ते आज मुळातच गप्प होते. एरवी अशा बैठकीत पहिला शब्द त्यांचा आणि शेवटचाही त्यांचाच असायचा.

मग काकूने एप्रनची घडी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर गोळ्यांचं एक चुरगळलेलं चंदेरी पाकीट. आठ जागांपैकी पाच रिकाम्या होत्या.

"हे तुझ्या खिशात सापडलं. धुवायला टाकताना," काकू म्हणाली. "संत्र्याचा वास येतोय. गोळ्या आहेत ना गोड?"

"आहेत. साखर खाली गेली की खायच्या असतात. नऊ वर्षं माझ्या खिशात असतात, काकू. तूच कितीदा आणून दिल्यास."

"साखर वाढलेली आहे, मग पाच गेल्या कुठे?"

"त्या गेल्या महिन्यात गेल्या. विटा उतरवत होतो तेव्हा."

"असेल," काकू म्हणाली. आवाजात असा 'असेल' होता की त्यापेक्षा 'खोटं बोलतेस' परवडलं असतं.

मुंगीला राग आला. अकराव्या वर्षी हा आजार अंगाला चिकटला, तेव्हापासून कुणी तिला चोरून खाताना पाहिलं नव्हतं. जे खायचं ते ती समोर बसून, मोजून, औषध टोचून खायची. वाढदिवसाला केकचा तुकडा हातात घेऊन ती डोळ्यांनीच वजन करायची आणि नातेवाइकांचं "अगं, चालेल का तुला?" ऐकून घ्यायची. "मला चालतं, तुम्हालाच बघवत नाही," असं एकदा तिने मावशीला सांगितलं होतं आणि मावशी वर्षभर रुसली होती. तिचं मुंगी हे नाव मात्र आजाराच्या आधीचं. चार वर्षांची असताना स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची म्हणून आजोबांनी ठेवलेलं. पुढे साखरेचं प्रकरण निघालं तेव्हा दादा म्हणाला होता, मुंगीलाच साखर बंद, देवाकडे विनोदबुद्धी आहे.

"आई, तू सांग ना काहीतरी," ती म्हणाली.

आईने मान वर केली. चार रात्रींचं जागरण तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "माझंही म्हणणं तेच आहे," ती हळू म्हणाली. "या वर्षी दादा बसू दे."

मुंगीला हे लागलं. काका बोलले तर बोलू देत, काकूने पंचनामा मांडला तर मांडू दे, पण आईने भरल्या खोलीत त्यांच्या बाजूला जाऊन बसावं! ती बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायली.

"का पण?"

"तुझे बाबासुद्धा 'काही होत नाही' असंच म्हणायचे. त्या दिवशी छातीत दुखत होतं. घाम येत होता. मी काचेतून बघत होते. फुलदाणी होईपर्यंत नळी खाली ठेवली नाही त्यांनी. फुलदाणी झाली." आईने काचेपलीकडच्या बाकाकडे बघितलं. "मला त्या बाकावर माझं माणूस परत बघायचं नाही. निदान तुझा आकडा असा असताना तरी नाही. बुधवारपर्यंत किती गुणी होता गं तुझा आकडा. गुरुवारपासून काय झालं कुणास ठाऊक."

मुंगी आईकडे टक लावून बघायला लागली.

"काय म्हणालीस? बुधवारपर्यंत?"

"हो. मी रोज बघते ना."

मुंगी उठून उभी राहिली. "आजोबा, भट्टी तापेनाशी झाली की तुम्ही काय करता?"

आजोबा दचकले. "आधी इंधन बघतो. मग वारा. मग धुराडं."

"भट्टीने चोरून काही खाल्लं का, असं विचारता का?"

दादा फिस्सकन हसला. काकांनी त्याच्याकडे बघितलं.

"मीही ओळीनेच बघितलं," मुंगी म्हणाली. "खाणं मोजलं. सुई बदलली. टोचायची जागा बदलली. ताप नाही, सर्दी नाही. शुक्रवारी औषध टोचायचं पेनसुद्धा नवं काढलं. तरी आकडा हटला नाही, तेव्हा मला वाटलं आजच्या दिवसाची धास्ती असेल, आणि मी नुसते डोस वाढवत बसले. चूक झाली माझी. पेन बदललं, पण दोन्ही पेनं एकाच खोक्यातली. बुधवारी आलेल्या खोक्यातली."

कोपऱ्यातल्या छोट्या फ्रिजमधून तिने खोकं काढलं. त्यातलं एक पेन उघडून आतली काचेची नळी भट्टीच्या उजेडाकडे धरली. काच अशी बघायची असते हे तिला आजोबांनीच शिकवलं होतं: डोळ्यासमोर नाही, जरा खाली, आणि हळूहळू फिरवत. काचेत काही दोष नव्हता. पण आतलं औषध, जे पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं, त्यात बारीक तंतू तरंगत होते.

"दादा, बघ."

दादाने बघितलं. नक्षी कोरणाऱ्याची नजर ती. "तंतू आहेत," तो म्हणाला. "केसापेक्षा बारीक. बाबा, तुम्ही बघा."

काकांनी चष्मा वर ढकलून बघितलं, पेन परत दिलं आणि मान डोलावली. काचेतला दोष ओळखण्यात त्यांनी आयुष्य घालवलं होतं, आता नाही कसं म्हणणार?

"औषध मेलेलं आहे," मुंगी म्हणाली. "चार दिवस मी पाणी टोचून घेतेय. रात्रीचं औषध वेगळं असतं, ते जुन्या खोक्यातलं होतं म्हणून निभावलं."

"मग आता?" आई उठलीच. "औषधवाली आज रविवारची दुकान उघडेल का? मी फोन लावते. नाहीतर मोठ्या इस्पितळात..."

"थांबा, वहिनी," काकू म्हणाली.

ती उठली, जिन्यावरून वर गेली. वर काका-काकूंचं बिऱ्हाड होतं. फ्रिजचं दार उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला आणि काकू खाली आली ती हातात एक पेन घेऊनच. ते तिने मुंगीसमोर ठेवलं.

"हे कुठून?" मुंगीने विचारलं.

"नऊ वर्षांपूर्वी वहिनी म्हणाल्या होत्या, एक तुमच्याकडे असू दे, वेळेला लागेल. लोण्यामागे ठेवते. तारीख संपत आली की तुमच्या खोक्यातल्या नव्याशी बदलते. हे गेल्या महिन्यात बदललंय."

"नऊ वर्षं?" आई म्हणाली. "मी विसरूनही गेले होते गं."

"मी नाही विसरले," काकू म्हणाली आणि खुर्चीत बसली. "आणि म्हणून बाकावर बसायला माझा होकार आहे असं कुणी समजू नका. ते वेगळं, हे वेगळं."

मुंगीला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने नवं पेन उजेडात धरून बघितलं. औषध लख्ख होतं. लघवी तपासायची पट्टी तिने सकाळीच बघितली होती, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. चार दिवसांत वाढवलेले डोस तिने मनातून पुसून टाकले, हिशेब पुन्हा पहिल्यापासून केला, पोटावर टोचून घेतलं आणि दहापर्यंत मोजून सुई बाहेर काढली. काकांनी सवयीप्रमाणे डोळे मिटले होते.

"दोन तास द्या मला," ती म्हणाली. "पहिला रस आजच काढायचा आहे ना? दिवस मावळेपर्यंत आजच असतो."

काका काहीतरी बोलणार होते, पण काकूने त्यांच्याकडे बघितलं, आणि ते चहा टाकायला आत गेले.

खोकं कचऱ्यात टाकायचं म्हणून मुंगीने उचललं आणि तिचा हात थांबला. खोक्याच्या तळाला तीन तपकिरी पट्टे उठले होते, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. असे पट्टे तिने हजारदा पाहिले होते. ताजा माल ज्या पेटीत हळूहळू निवतो, तिच्यावर एक लोखंडी जाळीची फळी होती. त्या फळीवर पुठ्ठा ठेवला की त्याला तळातून असेच पट्टे पडायचे. बुधवारी ती पेटी रिकामीच तापवून बघत होते. दिवसभर तिच्यापाशी कोण बसलं होतं, हे आठवायला तिला कष्ट पडले नाहीत. औषधाच्या दुकानातून दर महिन्याला खोकं कोण आणतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. ते काम आजोबा दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

आजोबा भट्टीसमोर उस्तादाच्या बाकावर एकटे बसले होते. मुंगी जाऊन शेजारी बसली आणि खोकं त्यांच्या मांडीवर उलटं ठेवलं. त्यांनी पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"बर्फासारखं गार होतं गं," ते म्हणाले. "मी उघडून बघितलं. आत काचेच्या नळ्या. बाहेर ऊन, इथे पेटीची धग. गार काच एकदम उष्म्यात आली म्हणजे काय होतं?"

"तडकते."

"तडकते! म्हणून म्हटलं, दिवसभर फळीवर राहू दे, सावकाश ऊब येऊ दे. मग संध्याकाळी निवू दिलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. साठ वर्षं काचेची काळजी घेतली, नळीच्या आत काय आहे त्याचा विचारच नाही केला."

मुंगी हसायला लागली. तिला आवरेनाच. आजोबांनी आधी रागाने बघितलं, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"हसतेस काय? चार दिवस पोरीच्या अंगात विष कालवलं मी. आणि मघाशी तिथे गप्प बसलो. तू खोकं काढलंस तेव्हाच माझ्या ध्यानात आलं होतं."

"आजोबा, कुणाला सांगू नका," ती त्यांच्याकडे वाकून म्हणाली. "बाक कुणाला द्यायचा ते तुमच्या शब्दावर ठरणार आहे. काकांना कळलं तर म्हणतील, अण्णांना आता समजेनासं झालंय, त्यांच्या शब्दाला काय अर्थ. माझी सुरई होऊ दे, मग सांगा."

आजोबांनी खोकं उचललं आणि उठले. "चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते मघाशी. चोर कोण ते ठाऊक असून मी बाकावर बसून कुणाला काय देणार?"

मुंगी "आजोबा, नको" म्हणेपर्यंत ते बांधणीच्या खोलीत पोचले होते. मागोमाग ती धावली. आजोबांनी खोकं टेबलावर पालथं घातलं, काय केलं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि उभे राहिले, शाळेत छडी खायला उभं राहतात तसे.

सगळे त्या तीन पट्ट्यांकडे बघत राहिले. मुंगीने काकांकडे पाहिलं. आता हे बोलणार आणि सगळं मुसळ केरात जाणार, असं तिला वाटलं.

काकांनी खोकं उचलून वास घेतला. "तीच फळी," ते म्हणाले. "अण्णा, मी सात वर्षांचा असताना मला ताप भरला होता, तेव्हा तुम्ही माझे बूट ऊब यावी म्हणून याच फळीवर ठेवले होते. तळवे वितळून जाळीतून खाली लोंबत होते."

"आणि माझा फोन," दादा म्हणाला. "पाण्यात पडला होता. वाळवायला ठेवला होता आजोबांनी. वाळला खरा."

"माझं नवं घड्याळ," काकू म्हणाली.

"यांचा लग्नातला कोट," आई म्हणाली आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली. मग ती आजोबांजवळ गेली, त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. "मामंजी, माझी पोर आहे ना समोर उभी? मग बसा बरं." तिचं हसू तेवढ्यात सरलं. "पण बाकाबद्दल मी म्हणाले ते म्हणालेच हं."

"मला उत्तर द्यायचंय त्याचं," मुंगी म्हणाली. "पण ते मी तिथे देईन, बाकावर."

*

दीडच्या सुमाराला आकडा एकशे अडुसष्टवर आला. चार दिवसांनी डोकं हलकं झालं होतं आणि तहान गेली होती. मुंगीने केस बांधले, ओल्या कागदांची जाड घडी हातावर तोलून बघितली, आणि दादाला बाजूला घेतलं.

"औषध अजून अंगात आहे आणि धगीने ते जास्त जोरात चालतं. साखर खाली येणार, मला माहीत आहे. ऐंशीला गजर लावलाय. वाजला की मी 'धर' म्हणेन. तू नळी घ्यायची. फुंकायचं नाही, नुसती फिरवत राहायची."

"आणि नियम?"

"नियम मला पाठ आहे."

मग तिने नळी उचलली.

भट्टीच्या तोंडातून तिने रस गुंडाळून घेतला, लोखंडी पाट्यावर लाटला, पहिली फुंकर घातली. नळीच्या टोकाला लहानसा फुगा उमलला तेव्हा काचेमागे उभ्या असलेल्या आईचा हात तोंडावर गेला. मुंगीने दुसरा थर घेतला, तिसरा घेतला. बाकावर बसून ती डाव्या हाताने नळी फिरवत होती आणि उजव्या हातातल्या ओल्या कागदावर काचेला आकार देत होती. कागद चरचरत होता, वाफ निघत होती. कधी तापवायचं आणि कधी थांबायचं हे तिला काचेच्या रंगावरून कळत होतं. आजोबा समोरच्या छोट्या स्टुलावर बसून गुडघ्यावर बोटांनी तोच ठेका धरत होते. सुरईचं पोट झालं, खांदे उतरले. आता मान ओढायची होती, आणि तेवढ्यात फोन वाजला.

ऐंशी. बाण खाली.

तिला अजून काही जाणवत नव्हतं. हात स्थिर होते. आणखी पाच मिनिटांत मान ओढून झाली असती. बाबांनीही असाच हिशेब केला असेल, हे तिच्या मनात आलं, आणि तिने काचेपलीकडे आईकडे बघितलं.

"दादा, धर."

दादाने नळी घेतली. मुंगी बाकावरून उठली, बाजूच्या पोत्यावर बसली आणि खिशातून गोळ्यांचं नवं पाकीट काढून एकामागून एक चार गोळ्या चावून खाल्ल्या. "पंधरा मिनिटं," ती मोठ्याने म्हणाली. "भट्टीच्या तोंडाशी तापवत राहा. थांबली की लोंबेल."

"पंधरा?" दादा भट्टीसमोर ओरडला. "माझे हात कोरायचे आहेत, मुंगे, कुस्तीचे नाहीत!"

सहा मिनिटांत त्याचा चेहरा लाल झाला आणि मनगटं थरथरू लागली. नळी तिरकी झाली. गोळा एका बाजूला झुकला तसे काका पुढे झेपावले आणि त्यांनी नळी त्याच्या हातातून घेतली. फुंकणं त्यांना येत नव्हतं, पण तीस वर्षं चाकावर काच फिरवणारे हात होते ते. त्यांनी गोळा सावरला. ओठ घट्ट मिटून ते फिरवत राहिले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता आणि काकू तो पुसायला धावत होती, आणि ते "बाजूला हो" म्हणून खेकसत होते.

अकराव्या मिनिटाला त्यांना खोकल्याची उबळ आली. मुंगी उठू लागली.

"तू बस," आई म्हणाली.

ती केव्हा आत आली कुणाला कळलं नव्हतं. या दाराच्या आत तिने तीन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. तिने पदर खोचला आणि काकांच्या हातांशेजारी आपले हात ठेवले.

"कसं फिरवायचं?" तिने विचारलं.

"सारखं," आजोबा स्टुलावरून म्हणाले. "घाई नाही आणि थांबणं नाही."

काकांनी हात काढून घेतले. आई फिरवू लागली, आधी अडखळत, मग जरा बऱ्यापैकी. तिच्या चेहऱ्यावर भट्टीचा केशरी उजेड होता आणि गालांवरून पाणी ओघळत होतं, घाम होता की आसवं कोण जाणे, तिने ते पुसलंही नाही. चार मिनिटं तिने भट्टीवरून नजर काढली नाही.

"एकशे एक," मुंगी म्हणाली. "बाण आडवा."

तिने उठून आईच्या हातातून नळी घेतली. "हे माझं उत्तर होतं," ती आईच्या कानाशी म्हणाली. "मला थांबता येतं, आई."

आईने नुसती मान हलवली आणि ती तिथेच, भट्टीपाशी उभी राहिली.

मान ओढली गेली, ओठ वळला. सुरई नळीवरून सुटून निववणीच्या पेटीत गेली आणि पेटीचं झाकण पडलं, तेव्हा साडेतीन वाजले होते. मग सगळ्यांनी एकाच वेळी आजोबांकडे बघितलं. नळी दुसऱ्यांच्या हातात गेली होती. असं आधी कुणी केलं नव्हतं.

आजोबा तोंड उघडणार तोच काका म्हणाले, "टेकली नाही."

"काय?" काकू म्हणाली.

"नळी. जमिनीला टेकली नाही. नियम तेवढाच आहे." काका तळहातांवरचे फोड निरखत होते. "मी स्वतः धरली होती. मला विचारा ना."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली. सुरईचं पोट एका अंगाला किंचित झुकलेलं होतं. दादा म्हणाला, ही बाजू माझी. काका म्हणाले, मूर्खा, तुझी मी सरळ केली होती. मुंगीला ठाऊक होतं ती कुणाची ते. तिने सुरई बाबांच्या सुरईशेजारी ठेवली आणि झुकलेली बाजू खोलीकडे केली, म्हणजे येता-जाता दिसली पाहिजे. आईने खालून बघितलं आणि "सरळ तरी ठेव गं" म्हणाली, पण हलवायला काही पुढे झाली नाही.

तेवढ्यात आजोबा औषधवालीकडून परतले. दोन्ही हातांत नवं खोकं, अंडं धरावं तसं. दारात थांबून त्यांनी जरा इकडेतिकडे बघितलं.

"हे कुठे..."

"फ्रिजमध्ये!" पाचही जण एकदम ओरडले.

"ठाऊक आहे, ठाऊक आहे," आजोबा पुटपुटले. त्यांनी खोकं फ्रिजमध्ये ठेवलं, त्यातलं एक पेन काढून काकूच्या हातात दिलं आणि सवयीने उस्तादाच्या बाकाकडे निघाले. बाकापाशी पोचल्यावर थांबले. मग वळून समोरचं छोटं स्टूल पायाने ओढलं, त्यावर बसले आणि ओल्या कागदांची घडी मांडीवर घेतली.

"बसा, उस्ताद," ते मुंगीला म्हणाले. "आज काय काढायचं?"